बाळंतकळा : सोसायच्या की कमी करायच्या?



घरात एखादीचे दिवस भरत आले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले वाक्य सासूबाई, आत्याबाई किंवा शेजारच्या मावशींच्या तोंडी असते : "आम्ही नाही का सोसलं? बाईच्या जातीला ते चुकत नाही." दुसरे वाक्य जरा हळू आवाजात येते, पण त्याला धर्माचा आधार जोडलेला असतो : "हव्वेनं फळ खाल्लं, म्हणून देवानं बाईला कळा लावल्या. देवानं लावलेलं माणसानं काढू नये." आता या दोन वाक्यांच्या शेजारी एक तिसरे वाक्य येऊन उभे राहिले आहे. पुण्या-मुंबईला नांदणाऱ्या आपल्या लेकी विचारतात : "पाठीत इंजेक्शन देऊन कळा कमी करतात म्हणे. ते घेतलं तर पाप लागेल का, फादर?"

प्रश्न सुईचा दिसतो, पण तो तेवढाच नाही. वेदनेला अर्थ असतो का? देवाला माणसाची वेदना हवी असते का? आणि दुसऱ्याने किती सोसावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हे प्रश्न जुने आहेत. या रविवारी त्यांचा थोडा शांतपणे विचार करू या.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. धर्मगुरूला कळा ठाऊक नसतात. तेव्हा येथे कळांविषयी जे लिहिले आहे, ते मातांनी आणि परिचारिकांनी सांगितलेले आहे. धर्माविषयी जे लिहिले आहे, ते पवित्र शास्त्रातून आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतून घेतलेले आहे.

कळा म्हणजे नेमके काय?

ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांना हे सांगायला नको. परंतु आपल्या घरांतले निर्णय पुष्कळदा पुरुष घेतात, म्हणून पुरुषांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

गर्भपिशवी हा एक मजबूत स्नायू आहे. बाळंतपणात तो आवळतो आणि सैल होतो, पुन्हा आवळतो आणि पुन्हा सैल होतो. प्रत्येक आवळण्याने पिशवीचे तोंड थोडे थोडे उघडत जाते. बाळाला बाहेर येण्यासाठी ते सुमारे 10 सेंटिमीटर उघडावे लागते. सुरुवातीला कळ पाळीच्या दुखण्यासारखी असते. कंबरेत भरून येते, ओटीपोटात उतरते, अर्धा-पाऊण मिनिट राहते आणि जाते. मग पंधरा-वीस मिनिटे काहीच नसते. पुढे हे अंतर कमी कमी होत जाते. शेवटी दर दोन-तीन मिनिटांनी कळ येते आणि मिनिटभर किंवा त्याहून थोडी अधिक टिकते. पहिलटकरणीला हे सगळे बारा तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकते.

कोणी सांगते की आतून कोणी घट्ट दोरी पिळते आहे असे वाटते. कोणी म्हणते की पाठीचा कणा मोडतो आहे असे वाटते. कोणी तिला लाटेची उपमा देते : लांबून येताना दिसते, अंगावर चढते, माथ्यावर पोचते आणि ओसरते. ही लाटेची उपमा फार उपयोगाची आहे, कारण दोन लाटांच्या मध्ये खरोखरच विसावा असतो. ज्या बाईला हे आधी कोणी समजावून सांगितलेले असते, ती त्या विसाव्यात श्वास घेते. जिला कोणी काहीच सांगितलेले नसते, ती त्या मधल्या वेळातही पुढच्या कळेच्या भीतीने आवळून राहते. म्हणजे तिला विसावाच मिळत नाही.

इंग्लंडमधील डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी 1930 च्या दशकात हीच गोष्ट मांडली. भीतीने अंग आवळते, अंग आवळले की दुखणे वाढते, दुखणे वाढले की भीती आणखी वाढते, असे चक्र त्यांनी दाखवले. भीती हे कळांचे एकमेव कारण नाही. कळा खऱ्याच असतात, मनाचे खेळ नसतात. पण भीती त्यांच्यात भर घालते, आणि ती भीती बऱ्याचदा आपणच घातलेली असते.

उत्पत्तीच्या पुस्तकात काय आहे आणि काय नाही

आता धर्माच्या नावाने येणारे वाक्य पाहू. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदिपापानंतर देव सर्पाशी, स्त्रीशी आणि पुरुषाशी बोलतो. स्त्रीला प्रसूतीचे कष्ट सांगितले आहेत, हे खरे आहे (3:16). परंतु तो अध्याय नीट वाचा. शापित हा शब्द तेथे सर्पासाठी येतो (3:14) आणि जमिनीसाठी येतो (3:17). स्त्रीला शापित म्हटलेले नाही आणि पुरुषालाही नाही. शिवाय स्त्रीच्या कष्टांसाठी मूळ हिब्रू भाषेत जो शब्द आला आहे, तोच शब्द पुढच्याच वचनात पुरुषाच्या शेतातल्या कष्टांसाठी आला आहे. शब्द एक, कष्ट दोघांना.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. आषाढात भाताच्या खाचरात चिखलणी करायला पॉवर टिलर येतो. उसाला विजेच्या पंपाने पाणी देतात. घाम गाळून भाकरी खाण्याचे सांगितले असताना पंप बसवणे हे पाप आहे, असे आजवर कोणी आपल्याला म्हटले आहे का? कोणी शेतकरी पापनिवेदनाला येऊन म्हणतो का की, "फादर, यंदा मी ट्रॅक्टर लावला, मला क्षमा करा"? पुरुषाचे कष्ट कमी झाले तर आपण त्याला प्रगती म्हणतो आणि यंत्राला पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतो. मग बाईचे कष्ट कमी करायची गोष्ट निघाली की तेवढ्यापुरते शास्त्र का आठवावे? एका तराजूत दोन मापे ठेवणे हा काही देवाचा न्याय नव्हे.

हा वाद आपणच प्रथम घालतो आहोत असेही नाही. एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 साली प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा असेच आक्षेप येतील हे ओळखून त्यांनी त्याच वर्षी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहिली. त्यांनी उत्पत्तीच्याच पुस्तकाकडे बोट दाखवले : आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली होती (2:21). पुढे 7 एप्रिल 1853 रोजी राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, आणि मग मोठ्या घरांतला विरोध हळूहळू मावळला.

ख्रिस्तसभेचे उत्तर

आपल्या ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे, आणि त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पोप पायस बारावे यांनी 8 जानेवारी 1956 रोजी डॉक्टरांपुढे वेदनारहित प्रसूतीविषयी भाषण केले. त्या काळी रशियातील डॉक्टरांनी शिकवण, श्वसन आणि मनाची तयारी यांच्या आधारे कळा सुसह्य करण्याची पद्धत काढली होती, आणि डॉक्टर फर्नांद लामाझ यांनी ती पॅरिसला आणली होती. देव न मानणाऱ्या राजवटीतून आलेली ही पद्धत ख्रिस्ती बाईने वापरावी का, असा प्रश्न होता. पोपमहोदयांचे उत्तर थोडक्यात असे : पद्धत कोठून आली यावरून ती बरी की वाईट हे ठरत नाही. त्या पद्धतीत नीतीच्या दृष्टीने आक्षेपार्ह असे काही नाही. उत्पत्तीमधील वचनाने कष्ट हलके करण्याचे उपाय शोधायला मनाई केलेली नाही, शेतीतही नाही आणि प्रसूतीतही नाही. ख्रिस्ती स्त्री मनात कसलीही टोचणी न ठेवता असा उपाय घेऊ शकते. मात्र तो घेतलाच पाहिजे अशी तिच्यावर सक्तीही नाही.

पुढे 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे देताना हाच विचार वेदनाशामक औषधांपर्यंत नेला. वेदना टाळणे हे ख्रिस्ती माणसासाठी तत्त्वतः निषिद्ध नाही, असे त्यांनी सांगितले.

म्हणून "पाप लागेल का, फादर?" या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे : नाही. पाठीतले ते इंजेक्शन घ्यायचे की नाही हा डॉक्टरांच्या सल्ल्याचा आणि त्या मातेच्या इच्छेचा प्रश्न आहे. त्याला भूलतज्ज्ञ हजर लागतो, आईच्या रक्तदाबावर आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि म्हणून ते सगळीकडे मिळत नाही. त्याचे फायदे-तोटे डॉक्टरांना विचारावेत. पण त्यात पापाचा प्रश्न आणू नये.

मग वेदनेला काहीच अर्थ नाही का?

येथे कोणी म्हणेल : "फादर, मग क्रुसाचे काय? प्रायश्चित्तकाळात तुम्हीच सांगता की दुःख प्रभूला अर्पण करा." प्रश्न रास्त आहे.

वेदना ही स्वतःहून चांगली गोष्ट नाही. आपल्या धर्मशास्त्राने तिला कधीही चांगले म्हटलेले नाही. ती एक उणीव आहे, वाईट आहे. चांगले असते ते प्रेम. प्रेम जेव्हा वेदनेतून जाते, तेव्हा वेदनेला अर्थ येतो. दिवा काजळीमुळे प्रकाश देत नाही, तेलवातीमुळे देतो. काजळी कमी करता आली तर प्रकाश कमी होत नाही.

नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रँकल यांनी दुःखाच्या अर्थाविषयी खूप लिहिले. त्यांचे नाव घेऊन लोक सांगतात की दुःखातच अर्थ आहे. पण त्यांनी एक अट स्पष्ट घातली होती : दुःख टाळता येत नसेल तरच. टाळता येण्यासारखे दुःख विनाकारण सोसत राहणे याला ते शौर्य मानत नसत.

त्याहून पुढचा विचार फ्रेंच तत्त्वज्ञ एमॅन्युएल लेव्हिनास यांनी मांडला. लिथुआनियातील त्यांचे आईवडील आणि भाऊ नाझींच्या हत्याकांडात मारले गेले होते. 1982 च्या एका निबंधात ते म्हणतात की माझ्या स्वतःच्या दुःखाला मी अर्थ देऊ शकतो, मी ते दुसऱ्यासाठी सोसू शकतो. पण दुसऱ्याच्या दुःखाचे समर्थन करण्याचा मला अधिकार नाही. शेजाऱ्याच्या वेदनेला योग्य ठरवू लागणे हेच अनीतीचे मूळ आहे.

हा फरक आपण घरी घेऊन गेलो तर पुष्कळ गाठी सुटतील. माझा क्रूस मी उचलीन, हे पुण्य आहे. तुझा क्रूस तू उचल, मी पाहतो, हे पुण्य नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (15:23) प्रभूला क्रुसावर देण्यापूर्वी गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला आणि त्याने तो घेतला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. परंतु त्याच प्रभूने एका तरी आजाऱ्याला, तू असाच दुखत राहा, तुझ्या भल्याचे आहे, असे म्हटल्याचे शुभवर्तमानात दाखवा. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई मागून येऊन वस्त्राला शिवली, तर त्याने तिला बरे केले आणि मुलगी म्हणून हाक मारली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखाविषयी जे पत्र लिहिले, त्याचा शेवटचा मोठा भाग दयाळू शोमरोनी माणसावर आहे. दुःखाविषयीच्या एवढ्या खोल चिंतनाचा शेवट कोठे होतो पाहा : वाटेत पडलेल्या माणसापाशी थांबण्यात, तेल आणि द्राक्षारस ओतण्यात.

मातृत्वाचे माप कळांनी होत नाही

आपल्याकडे आणखी एक अन्याय होतो. ज्या बाईचे सिझर झाले, तिला म्हणतात : "तुझं काय, तू सुटलीस." जिला औषधाने कळा कमी जाणवल्या, तिला अर्धी आई समजतात. जिने मूल दत्तक घेतले, तिच्याविषयी तर विचारूच नका. आणि जिला मूल नाही, तिला कळांचे नाव काढून टोमणे मारायला आपली भाषा सदैव तयार असते.

या सगळ्याला उत्तर आपल्याच श्रद्धेत आहे. पवित्र मरियेने प्रभूला वेदनेवाचून जन्म दिला, असे प्राचीन काळापासून पुष्कळ धर्मपित्यांनी शिकवले. आता विचार करा. जर कळा सोसल्यानेच बाई खरी आई होत असेल, तर या परंपरेप्रमाणे मरिया सगळ्यांत कमी आई ठरेल. पण आपण तर तिला सर्व मातांची माता म्हणतो. म्हणजे मातृत्वाची थोरवी कळांमध्ये नाही, तर तिने दिलेल्या होकारात आहे, तीस वर्षांच्या सांभाळात आहे, क्रुसाखाली उभे राहण्यात आहे. तेथे तिला वेदना चुकली नाही. पण तीही तिच्या मोठेपणाचे कारण नव्हती, तिच्या प्रेमाची किंमत होती.

सुईणींचे आश्रयदाते म्हणून मानले जाणारे संत रेमंड यांना नॉन्नातुस म्हणतात. त्याचा अर्थ जन्म न घेतलेला. मृत आईच्या उदरातून त्यांना काढले, अशी परंपरा आहे. पोट चिरून जगात आलेल्या माणसालाही ख्रिस्तसभेने संतांच्या पंक्तीत बसवले. तेव्हा सिझर झालेल्या मातेने मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही.

कळांविषयी प्रभू काय बोलला

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू आपल्या शिष्यांना धीर देताना प्रसवणाऱ्या बाईचे उदाहरण देतो (योहान 16:21). तिची घटका आली म्हणून ती कष्टी असते, आणि बाळ जन्मल्यावर आनंदामुळे ते क्लेश तिला आठवत नाहीत. या घटकेकडे लक्ष द्या. योहानच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतःच्या मरणाविषयी बोलताना हाच शब्द वापरतो. म्हणजे उद्या क्रुसावर जाणाऱ्या देवपुत्राला स्वतःसाठी सगळ्यांत जवळची उपमा सापडली ती बाळंतिणीच्या खोलीत. यशया संदेष्टा तर देवालाच प्रसूतिवेदनांनी ओरडणाऱ्या बाईची उपमा देतो (42:14). आणि पौल रोमकरांस लिहितो की सगळी सृष्टीच कळा देत आहे (8:22).

शास्त्राच्या दृष्टीने या कळा कशाच्या खुणा आहेत? येणाऱ्या नव्या जीवनाच्या. शास्त्र त्या बाईला गप्प बस म्हणत नाही. देव ओरडतो असे म्हणायला संदेष्ट्याला संकोच वाटला नाही, मग आपल्या सुनेने ओरडले तर शेजारी काय म्हणतील याची चिंता आपल्याला का वाटावी?

मात्र येथे जपून बोलले पाहिजे. प्रत्येक कळेच्या शेवटी आनंद असतोच असे नाही. राहेल बेथलेहेमच्या वाटेवर प्रसूत झाली आणि गेली (उत्पत्ती 35:16-19). जाता जाता तिने मुलाला आपल्या दुःखाचा पुत्र असे नाव ठेवले. आपल्या धर्मग्रामातही अशा माता आहेत, ज्यांनी सगळ्या कळा सोसल्या आणि रिकाम्या हातांनी घरी आल्या. त्यांना योहानच्या शुभवर्तमानातले ते वाक्य ऐकवू नये. देवाची इच्छा होती असेही म्हणू नये. त्यांच्याजवळ बसावे, बाळाला नाव ठेवले असेल तर त्या नावाने त्याची आठवण काढावी.

कोल्हापूरला येऊ न शकलेली डॉक्टर

वेदना सोसण्यापुरती न ठेवता दुसऱ्याची कमी करण्यासाठी वापरायची, याचे उदाहरण आपल्या मराठी मुलुखातच आहे. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्या प्रसूत झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर, हा सल त्यांच्या मनात राहिला. त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. 1886 साली फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषयच प्रसूतिशास्त्र हा होता. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आणि त्यांची नेमणूक कोठे झाली? आपल्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला आपण सीपीआर म्हणतो. पण क्षयाने त्यांना गाठले. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या तेव्हा बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या.

आनंदीबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरी त्यांनी जे केले ते शोमरोनी माणसाचेच काम होते. मी सोसले, आता तूही सोस, असे त्या म्हणाल्या नाहीत. मी सोसले, म्हणून तुला सोसावे लागू नये, असे त्यांच्या आयुष्याने म्हटले. सासूबाईंनी आणि मावशींनी यातले कोणते वाक्य आपले म्हणायचे ते ठरवावे.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला. 1936 सालापर्यंत व्रतस्थ धर्मभगिनींना डॉक्टर म्हणून काम करण्याची किंवा बाळंतपणे करण्याची सर्वसाधारण मोकळीक नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लोरी 1920 साली आंध्रातील गुंटूरला आल्या, त्यांना पोप बेनेडिक्ट पंधरावे यांची खास परवानगी घ्यावी लागली. भारतात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि अडून मरतात, हे पाहून डॉक्टर अ‍ॅग्नेस मॅकलारेन आणि त्यांच्यामागून डॉक्टर अ‍ॅना डेंगेल यांनी रोमकडे सतत आग्रह धरला. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमने ती मोकळीक दिली. त्यानंतर किती धर्मभगिनींच्या हातांनी या देशातली बाळे झेलली, याची गणती देवच जाणे.

आता आपण काय करायचे?

विचार झाला, आता आचार.

पहिली गोष्ट, बाईला एकटे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली दिलेल्या मार्गदर्शनात मातेच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असावे, तिला हिंडू-फिरू द्यावे, पाणी व पातळ पदार्थ घेऊ द्यावेत, आणि ती मागेल तेव्हा वेदना कमी करण्याचे उपाय द्यावेत असे म्हटले आहे. भारत सरकारनेही 2016 पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. तेथे गेल्यावर नम्रपणे, पण ठामपणे विचारावे.

दुसरी गोष्ट, सोबतीणीने काय करावे. कळ येताना कंबर दाबून धरावी, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावी. नाकाने सावकाश श्वास घेऊन तोंडाने सोडायला सांगावे आणि स्वतःही तिच्याबरोबर तसाच श्वास घ्यावा. सुरुवातीच्या कळांत तिला चालू द्यावे. निजायचे झाले तर कुशीवर निजवावे. कळ ओसरली की खांदे, जबडा, मुठी सैल सोडायला सांगावे. लवकरच "कळ दे, पोरी" म्हणून घाई करू नये. पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यावर जोर कधी करायचा ते नर्स सांगेल. जिला प्रार्थनेचा आधार वाटतो तिने संथपणे नमो मरिया म्हणावी. तीन नमो मरिया होईपर्यंत बहुतेक कळ ओसरते. मोजायला घड्याळ नसले तरी जपमाळ असतेच.

तिसरी गोष्ट, निघायला उशीर करू नये. आपला तालुका डोंगराचा आणि धो धो पावसाचा. वाडीवस्तीवरून घोंगडीच्या झोळीत घालून बाईला रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे येथल्या माणसाला नवीन नाही. पावसाळ्यात दिवस भरत आले असतील तर आठवडाभर आधीच मलकापूर, बांबवडे किंवा कोल्हापूरला पाहुण्यांकडे आणून ठेवावे. अशा वेळी ज्यांची घरे रस्त्याकडेला आहेत त्यांनी दार उघडावे. बेथलेहेमात जागा मिळाली नाही हे आपण दर नाताळात ऐकतो, ते आपल्या दारात घडू नये. 102 आणि 108 हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत. अंगावरून रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली किंवा कळ मध्ये न सोडता सलग राहिली, तर कळा मोजत बसू नये. तसेच निघावे.

चौथी गोष्ट जिभेची. प्रसूतिगृहांत कळा देणाऱ्या बायकांवर ओरडणे, हात उगारणे, घाण बोलणे असे प्रकार जगभर होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली त्यांचा निषेध केला आहे. आपल्या धर्मग्रामातल्या ज्या लेकी नर्स आहेत, त्यांना सांगणे आहे की कळांमध्ये ऐकलेला शब्द बाई आयुष्यभर विसरत नाही. राहेलच्या उशाशी बसलेल्या सुईणीने तिला भिऊ नकोस म्हटले, आणि तो शब्द पवित्र शास्त्रात कायमचा राहिला. तुमचाही शब्द कोणाच्या तरी मनात तसाच राहणार आहे.

पाचवी गोष्ट नवऱ्यांची. पत्नी आत कळा देत असताना बाहेर मोबाईलवर वेळ काढणे किंवा मित्रांबरोबर चहाच्या टपरीवर जाणे ही काही मर्दुमकी नव्हे. आत जाऊ देत नसतील तर दाराशी बसा. आणि नंतर चाळीस दिवस तिला पाणी भरायला लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात बाळाला पाजताना मागच्या कळा येतात, त्या वेळी तिला विसावा हवा असतो.

शेवटी एक विनंती. गर्भवती मातेला द्यायचा खास आशीर्वाद ख्रिस्तसभेच्या विधीग्रंथात आहे. पूर्वी तो मागितला जाई, आता लोक विसरले आहेत. ज्यांना आठवा-नववा महिना आहे त्यांनी मिस्सानंतर वेदीपाशी थांबावे, सासू आणि नवरा यांनाही बरोबर आणावे. तो आशीर्वाद तिला दिला जाईल, आणि तिच्या सोबतीला उभे राहण्याची जबाबदारी त्याच वेळी त्या दोघांवर टाकली जाईल.

ज्या प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री प्रसवणाऱ्या मातेची आठवण काढली, तो आपल्या घरांतल्या प्रत्येक मातेजवळ असो, तिचे क्लेश हलके करो आणि ते हलके करणारे हात आपल्याला देवो. आमेन.

— तुमचा धर्मगुरू